डाव्या बाजूची सीट

बारामतीला गाडी बघायला गेलो त्या दिवशी मालकाने चावी माझ्या नवऱ्याच्या हातात ठेवली, आणि माझा राग तिथून सुरू झाला. गाडी मला घ्यायची होती. पैसे माझ्या शिलाईचे होते. नवऱ्याला एका डोळ्याने कमी दिसतं, तो गाडी चालवत नाही. लायसन्स माझ्या पर्समध्ये होतं. हे सगळं माझ्या दिराने मालकाला फोनवर आधीच सांगितलेलं होतं. तरी चावी गेली ती पुरुषाच्या हातात.

आमचं घर इंदापुरात. नवऱ्याचं किराणा दुकान आहे आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझं शिवणकाम चालतं. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत जे कारखाने आहेत, त्यांतल्या काहींच्या कामगारांचे गणवेश आम्ही शिवतो. माझ्याबरोबर आणखी काही बायका मशीनवर बसतात. कपडे शिवणं सोपं, ते पोचवणं अवघड. गठ्ठे रिक्षात कोंबायचे, रिक्षावाल्याच्या सोयीने निघायचं, त्याला मध्येच दुसरं भाडं मिळालं की गप्प बसून राहायचं. एकदा त्याने माझे इस्त्री केलेले शर्ट ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवले आणि अख्खा गठ्ठा परत आला. त्या संध्याकाळी मी ठरवलं की आता स्वतःची गाडी. जुनी का असेना, पण मागची सीट पाडली की गठ्ठे मावतील अशी.

गाडी चालवायला मी चाळिशी उलटल्यावर शिकले. मुलगी बारामतीला कॉलेजात जाते, ती तेव्हा म्हणाली होती, अम्मी, तू शिक, मग मी तुझ्या शेजारी बसून येईन. ती खरंच कधी बसेल असं वाटलं नव्हतं, पण हात बसत गेला. शहरातून, बाजारातून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून मी व्यवस्थित चालवते.

गाडी शोधायचं काम दिराकडे गेलं. तो नवऱ्याचा धाकटा भाऊ. त्याचा धंदा म्हणजे मध्यस्थी. कुणाचा प्लॉट, कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची जुनी गाडी. दोन माणसं एकत्र आणायची आणि दोघांकडून थोडं थोडं घ्यायचं. गोड बोलणारा आहे. आमच्या ओट्यावर बसून तो म्हणाला होता की घरच्यांच्या व्यवहारात मी एक रुपया घेणार नाही, भाभीसाठी अशी गाडी आणतो की बघत राहाल. आठवडाभराने त्याचा फोन आला. बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला एक बागायतदार आहेत, त्यांची घरची गाडी आहे, फक्त देवाला आणि लग्नाला जायला वापरलेली.

रविवारी आम्ही दिराच्याच गाडीतून गेलो. नवरा पुढे, मी मागे. त्या बागायतदारांना सगळे तात्या म्हणत होते. साठीचे, अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. अंगणात गाडी धुऊन उभी केली होती. दुरून खरोखर छान दिसत होती, राखाडी रंगाची.

मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. मुलीने मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवले होते, त्यात सांगितलेलं हे पहिलंच: जुनी गाडी थंड असताना सुरू करून बघायची, मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर का ते विचारायचं. मी विचारलं. तात्यांनी माझ्याकडे न बघता नवऱ्याला उत्तर दिलं की सकाळी डेअरीवर जाऊन आलो. मी परत विचारलं, किती वाजता. तेव्हा ते हसले आणि दिराला म्हणाले, "तुमच्या वहिनी लई बारीक बघत्यात."

दीर पण हसला. नवरासुद्धा हसला. त्या हसण्याचा मला जास्त राग आला.

चावी आल्या आल्याच नवऱ्याच्या हातात गेली होती. नवऱ्याने ती माझ्याकडे दिली तेव्हा तात्या म्हणाले, ताई चालवणार असतील तर मी शेजारी बसतो, रस्त्याला गर्दी असते. बसले. दीर मागे बसला. कालव्याच्या कडेने आम्ही थोडं पुढे गेलो. सगळा रस्ताभर हा माणूस मला शिकवत होता. क्लच सोडा, आता दाबा, पुढं म्हैस आहे. एका गतिरोधकापाशी मी वेग कमी करत असतानाच त्यांनी मधला हँडब्रेक खेचला. गाडी गचका खाऊन थांबली, मागच्या मोटारसायकलवाल्याने शिव्या दिल्या. मी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले की परत त्या दांड्याला हात लावलात तर मी इथेच उतरेन. ते म्हणाले, "काळजी वाटती हो ताई."

एक गोष्ट मात्र माझ्या हाताला कळली. गाडी डावीकडे ओढत होती. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल धरलं की डावीकडच्या चारीकडे निघायची. मी ते बोलले. मागून दीर म्हणाला, "रस्त्यालाच उतार हाय, भाभी." परत येताना आम्ही उलट दिशेने येत होतो आणि गाडी तरीही डावीकडेच ओढत होती. तेव्हा उतार कुठे गेला असं मी विचारलं.

अंगणात परत आल्यावर खुर्च्या मांडल्या गेल्या. तीनच. तात्यांनी सांगितलं की बायकांनी आत बसावं, चहा घ्यावा, आम्ही तोवर व्यवहाराचं बोलून घेतो. मी नवऱ्याकडे बघितलं. तो खुर्चीत बसलेला होता. म्हणाला, जा ना, चहा घेऊन ये, मी बोलतो. माझ्या पैशाचं बोलणं तो बोलणार होता आणि मी चहा घेणार होते. मी आत गेले ती रागाने गेले. तिथे थांबले असते तर काहीतरी वेडंवाकडं बोलले असते.

आत तात्यांची बायको होती. मी त्यांना काकू म्हणाले. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. चहाला आधण ठेवलं आणि फडताळावरचा बिस्किटांचा डबा काढायला त्यांनी स्टूल ओढलं. डबा काही फार उंच नव्हता. मी म्हणाले, काढून देऊ का? त्या म्हणाल्या, द्या, माझा डावा हात वर जात नाही. मी डबा काढून दिला. मग त्यांनी विचारलं की गाडी कोण चालवणार. मी म्हणाले, मीच. शेजारी कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. मला प्रश्न विचित्र वाटला, पण मी सांगितलं की माझी मुलगी, ती इथेच कॉलेजला आहे.

चहा उतू गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग गॅस बंद केला, दाराकडे बघितलं आणि माझ्या अगदी जवळ येऊन बोलल्या.

"लेकीला त्या सीटवर बसवू नका. मी त्याच सीटवर होते."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. गेल्या हंगामात रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. गाडीची डावी बाजू तिच्यात घुसली. काकूंचा खांदा मोडला, बरगड्या मोडल्या. गाडीची डावी बाजू कापून दुसरी जोडली. समोरून फुगणारी जी पिशवी असते, ती तेव्हा फुगली, म्हणून त्या वाचल्या. ती पिशवी परत बसवलीच नाही. खर्च वाढतो म्हणून नुसतं झाकण चिकटवून टाकलं. तेव्हापासून काकू त्या गाडीत बसलेल्या नाहीत, दवाखान्यालासुद्धा एसटीने जातात.

मी विचारलं की हे माझ्या दिराला माहीत आहे का. त्यांना वाटलं मी उगाच विचारते आहे. म्हणाल्या, त्यांना कसं माहीत नसेल, रंगवाला तेच तर घेऊन आले होते. किती मिळाले तर त्यांना किती द्यायचे हे ह्यांच्याशी इथेच बसून ठरलं.

मग त्यांनी माझा हात धरला. "माझं नाव घेऊ नका, बाई. मला हितंच ऱ्हायचंय."

मला आजही त्या क्षणाचा राग नीट सांगता येत नाही. तात्यांचा राग आला, पण तात्या परके. दिराने माझ्या मुलीला जन्मल्या दिवसापासून बघितलेलं आहे. तिला सायकल त्याने शिकवली. आणि त्याच मुलीच्या समोर रिकामं झाकण असणार, हे माहीत असून तो बाहेर खुर्चीत बसून भाव ठरवत होता. मला बाहेर जाऊन सगळ्यांसमोर ओरडायचं होतं, आणि ओरडता येत नव्हतं, कारण ओरडले असते तर ते या बाईच्या अंगावर आलं असतं. मी चहा प्यायले. सगळा प्यायले. काकूंना म्हणाले की तुम्ही मला काही सांगितलं नाही. आणि बाहेर आले.

बाहेर बोलणं जवळजवळ संपत आलं होतं. तात्यांनी साडेतीन लाख सांगितले होते, दिराने मोठा भांडल्याचा आव आणून तीनवर आणले होते आणि नवरा मान हलवत होता. दीर मला म्हणाला की भाभी, मुबारक, पन्नास हजार वाचवले तुमचे. मी म्हणाले, थांबा, मला गाडी परत एकदा बघायची आहे.

आता मला जे कळलं होतं ते मला गाडीतच सापडायला हवं होतं, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सापडायला हवं होतं. मी डावीकडचं दार उघडलं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. मग उजवीकडे जाऊन तिकडचा ओढला. कापडात माझा जन्म गेलेला आहे. उजवीकडचा पट्टा जुना, कडेने पिंजारलेला, मळून करडा झालेला. डावीकडचा नवा, काळा, वीणही वेगळी. मी नवऱ्याला बोलावलं आणि दोन्ही पट्टे त्याच्या हातात दिले. त्याला म्हणाले, डोळ्याने दिसत नसेल तर बोटाने बघा. त्याने बघितलं.

मग काचा. दाराच्या काचेच्या कोपऱ्यात छोटा शिक्का असतो. इतर सगळ्यांवर एकच शिक्का होता, डावीकडच्या पुढच्या काचेवर वेगळा. मग मी आत बसले आणि समोरच्या डॅशबोर्डवर नख फिरवलं. झाकणाच्या कडेला चिकटवल्याची रेघ होती, एका बाजूला डिंकासारखं वाळलेलं. शेवटी चावी अर्धी फिरवली. गाडी सुरू होण्याआधी समोर छोटे छोटे दिवे लागतात, त्यांत एक त्या पिशवीचा असतो. लागतो आणि विझतो. बाकीचे लागले. तो लागलाच नाही.

मी उतरले आणि तात्यांना विचारलं की गाडीचा अपघात कधी झाला होता.

ते म्हणाले, कसला अपघात, पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं होतं. मी म्हणाले, घासून गेल्यावर पट्टा बदलावा लागत नाही. ते म्हणाले, उंदराने कुरतडला होता. मी म्हणाले, मग पिशवीपण उंदराने नेली का? त्यावर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं आणि आवाज चढवून विचारलं, "आत काय बोलणं झालं?"

तोपर्यंत मी स्वतःला आवरून धरलं होतं. मी त्यांच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभी राहिले. म्हणाले की आत चहा झाला, बिस्किटं झाली. गाडी मी बघितली, माझ्या डोळ्यांनी, तुमच्या सगळ्यांसमोर. तुम्हाला कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा.

तेव्हा दीर मध्ये पडला. नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला की जुनी गाडी म्हटल्यावर थोडंफार इकडंतिकडं असायचंच, तात्या मोठा माणूस आहे, आणखी दहा हजार कमी करतील, तमाशा नको. मी त्याला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"भाभी, तुमी घरी चला, घरी बोलू."

"तुला ठाऊक होतं का न्हाय, एवढंच सांग."

तो जमिनीकडे बघत राहिला. मी म्हणाले की ती सीट रिकामी राहणार नाही, त्यावर कोण बसणार होतं ते तुला ठाऊक होतं. आणि रंगवाला कुणी आणला हेही विचारणार होते, पण ते मला फक्त काकूंकडूनच कळू शकलं असतं. ते शब्द मी तोंडातून परत गिळले.

मी पर्स घेतली आणि फाटकाकडे निघाले. दिराची गाडी उघडी होती. मी तिच्यात बसणार नाही हे नवऱ्याला सांगितलं. तो दोघांच्या मधे उभा होता, एकदा भावाकडे बघे, एकदा माझ्याकडे. म्हणाला, असं रस्त्यावर नको, लोक बघतात. मी म्हणाले, बघू देत. मी रस्त्याला लागले, रिक्षा केली, स्टँडवर गेले. तो आला नाही. तो भावाच्या गाडीतून घरी गेला.

एसटीत मला खिडकी मिळाली. वाटेतल्या अंथुर्ण्यापर्यंत मी बाहेर बघत मनातल्या मनात भांडत होते. शेजारची बाई मला दोनदा काहीतरी विचारत होती, मी तिलाही धड उत्तर दिलं नाही.

घरी आले तर नवरा दुकानात बसलेला. गिऱ्हाईक होतं तोपर्यंत मी थांबले. मग विचारलं की तुमचा भाऊ यात पैसे खाणार होता हे तुम्हाला माहीत होतं का. तो म्हणाला की असेल काहीतरी, त्याचा धंदाच आहे, त्याच्यात काय एवढं. अपघाताचं मात्र अल्ला कसम माहीत नव्हतं.

"माहीत करून घ्यायचं न्हवतं तुमाला," मी म्हणाले. "मी विचारत होते तेव्हा तुमी हसत होता."

तो म्हणाला की मोठ्या माणसासमोर बायकोने एवढं बोलावं का, असं त्याला वाटलं होतं. हे त्याने खरं सांगितलं, आणि खरं सांगितल्याचा मला आणखी राग आला. त्यानंतर बरेच दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. डाळ आणा, मुलीला फोन करा, एवढंच. मुलीला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चाचांचा नंबर मोबाईलमधून काढून टाकला. मला वाटलं होतं ती रडेल.

एके दिवशी नवरा आपण होऊन वर आला, मशीनच्या आवाजात उभा राहिला आणि म्हणाला की कळंबला एका निवृत्त मास्तरांची गाडी विकायची आहे, दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. तू जाऊन बघ. मी विचारलं, तुम्ही येणार? तो म्हणाला, तू म्हणशील तर येतो, पण चावी मी धरणार नाही. मी एकटी गेले. म्हणजे माझ्याकडे काम करणारी एक बाई बरोबर घेतली.

मास्तरांची गाडी त्या राखाडी गाडीपेक्षा जुनी, रंग उन्हाने विटलेला. ती थंड होती. त्यांनी मी विचारायच्या आत एसी चालत नाही हे सांगितलं, मागचं एक दार आतून उघडत नाही हेही सांगितलं. मी तरी सगळं बघितलं. पट्टे ओढले, काचा बघितल्या, दिवे बघितले, मॅट उचलून खालचा पत्रा बघितला. माझं बोलणं चांगलंच तोडून टाकणारं होतं. आणखी काय लपवलंय, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. बरोबरची बाई मला कोपराने ढोसत होती. मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, "विचारा. तुमची माणसं बसायची हायत त्यात."

भावही मी घासून केला. एसीचं सांगून कमी केला, दाराचं सांगून आणखी कमी केला, टायरचं सांगून शेवटचा. मास्तर शेवटी हात जोडून म्हणाले, आता बास, ताई. तेव्हा थांबले. गाडी मीच चालवत इंदापुरात आणली. आता लोणी देवकरला गठ्ठे तिच्यातूनच जातात, आणि शनिवारी मी मुलीला आणायला बारामतीला जाते.

भिगवण रस्त्याला मी मुद्दाम जात नाही. काकूंना त्या दिवशी आम्ही गेल्यावर काय ऐकावं लागलं असेल, हे मला माहीत नाही आणि विचारायची सोय नाही. त्यांचा नंबरही माझ्याकडे नाही. ती राखाडी गाडी कुणीतरी घेतली असणारच, तीनपेक्षा कमीत. डाव्या बाजूला कुणीतरी बसत असणार. हे डोक्यात आलं की मी मशीन थांबवते आणि थोडा वेळ उगाच इकडेतिकडे फिरते.

ईदला दीर बायकोमुलांना घेऊन आला. सासूबाई आमच्याकडे आहेत, त्याला यावंच लागतं. मी सगळ्यांना शीरखुर्मा वाढला, त्यालाही वाढला. वाटी घेताना तो हळूच म्हणाला, "भाभी, अजून राग हाय का?"

मी म्हणाले, "हाय."

त्याने वाटी घेतली आणि खाली मान घालून खाल्ली. नवरा शेजारीच बसलेला होता. या वेळी तो हसला नाही.